जावईबापूंच्या स्वेटरची किनार

लोकरमावशीनं सहा वर्षांत जावयाला एकदाही उलटून उत्तर दिलं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला. दुसरा कुणी असता तर तिनं पहिल्याच दिवशी सुनावलं असतं, ‘बाबा रे, तुझं शहाणपण तुझ्या ऑफिसात ठेव, माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस.’ पण पडला लेकीचा नवरा! मावशीच्या तोंडाला कुलूप.

लोकरमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. केसांत, पदरावर, चष्म्याच्या दांडीवर कायम लोकरीचे तुसे, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिचं विणकामाचं दुकान. एक विणायचं मशीन, त्याला वायरनं जोडलेला जुना कॉम्प्युटर, भिंतभर लोकरीच्या रिळा आणि कामाला दोन माणसं: एक मावशी आणि दुसरी तिची नणंद, जिला ती ‘वन्सं’ म्हणायची. मावशीनं डिझाइन काढायचं, मशीननं विणायचं, वन्संनी गुंड्या लावायच्या आणि दिवसभर बोलायचं, अशी कामाची वाटणी होती.

त्या कॉम्प्युटरात मावशीची अकरा वर्षांची डिझाइनं होती. तीनशेच्या वर. कागदावर एकही नाही.

जावईबापू एका मोठ्या कंपनीत सुरक्षा अधिकारी होते. दारात काठी घेऊन उभे राहणारे नव्हेत. लोकांनी कॉम्प्युटरवर काय काय करायचं नाही, हे सांगण्याचा त्यांना पगार मिळे. दहा दिवस राहायला म्हणून आले आणि पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात घेऊन दुकानात डोकावले. कॉम्प्युटर उघडा. पासवर्ड नाही. आणि पडद्यावर ‘अभिनंदन! तुम्हाला मोटार लागली आहे’ असं लिहिलेलं. खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नाही’. वन्संचं बोट ‘हो’वर.

“आत्याबाई, थांबा!” जावईबापू ओरडले. अर्धा कप चहा रिळांवर गेला.

“अहो, रोज लागते,” वन्सं म्हणाल्या. “मी रोज हो म्हणते. अजून आली नाही.”

आता खरं सांगायचं तर जावईबापूंचं काही चुकत नव्हतं. वन्सं दिसेल त्याला ‘हो’ म्हणायच्या. परवा हॉस्पिटलच्या मेट्रनबाई गळ्याचं डिझाइन पसंत करायला आल्या, तर पडद्यावर गळ्याच्या जागी अर्धवट कपड्यातली एक बाई नाचायला लागली. मेट्रनबाई म्हणाल्या, “एवढा खोल गळा आमच्या नर्सना चालणार नाही.” मावशीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. समोरच्या फोटोवाल्याचे तर अशाच एका ‘हो’पायी सगळे फोटो गेले होते.

तेव्हा बंदोबस्त हवाच होता. पण म्हणून एवढा?

जावईबापूंनी दोन दिवस दार लावून काम केलं. मग मावशीला समोर बसवून एकेक नियम सांगितला. पासवर्ड चौदा अक्षरांचा, आणि तो कॉम्प्युटरनंच ठरवलेला. त्यात अक्षरं, आकडे आणि चित्रविचित्र चिन्हं. दहा मिनिटं हात लावला नाही की कॉम्प्युटर आपोआप बंद आणि पासवर्ड पुन्हा घालायचा. दहा वेळा चुकला, की आतलं सगळं पुसलं जाणार.

“सगळं?” मावशीनं विचारलं.

“सगळं. चोराच्या हाती काही लागता कामा नये.”

“आणि माझ्या हाती?”

“तुम्ही कशाला चुकाल, आई?” जावईबापू प्रेमानं म्हणाले. हाच तर त्यांचा दोष. इतके गोड होते की भांडताही येत नसे.

मग डिझाइन काढायच्या प्रोग्रॅमवर आले. तो उघडला की पडद्यावर लाल पाटी यायची: ‘अनोळखी निर्माता. वापरू नका.’

“अनोळखी कसा?” मावशी म्हणाली. “रेडिओवाल्यानं लिहिलाय. समोर राहतो. खिडकीतून दिसतोय बघा, दाढी करतोय.”

जावईबापूंनी खिडकीतून पाहिलं. रेडिओवाल्यानं फेसाळल्या तोंडानं हात केला. शेवटी मोठ्या नाखुशीनं त्यांनी तेवढी सूट दिली.

“आणि पासवर्ड कागदावर लिहायचा नाही,” त्यांनी बजावलं. “मलासुद्धा सांगायचा नाही.”

“मग लिहायचा कशावर?”

“डोक्यात.”

डोक्यात! अहो, मावशीच्या डोक्यात आजवर काही राहिलं होतं का? तिचं सगळं बोटांत. ती रात्रभर पुटपुटत राहिली आणि सकाळी उठून तिनं तेच केलं जे ती चाळीस वर्षं करत आली होती. सुया घेतल्या आणि पासवर्ड विणून काढला.

युक्ती मोठी झकास होती. कीबोर्डवर बटणांच्या ओळी चार, म्हणून रंग चार. वरची ओळ लाल, मग पिवळी, हिरवी, खालची निळी. पासवर्डच्या एकेका अक्षराला विणीची एकेक ओळ. पांढऱ्या लोकरीवर एक काळा टाका, म्हणजे सुरुवात. तिथून उजवीकडे मोजत जायचं. पाचव्या जागी हिरवा टाका दिसला, की हिरव्या ओळीतलं पाचवं बटण. टाका सुलट असेल तर नुसतं बटण, उलट असेल तर शिफ्ट दाबून. दोन काळ्या टाक्यांत बारा घरं, आणि हीच नक्षी कमरेभोवती फिरलेली. खालून वर चौदा ओळी. पांढऱ्या स्वेटरला चार बोटं रुंद रंगीत किनार झाली, आणि खरं सांगते, देखणी झाली. कॉम्प्युटरशेजारच्या खुंटीवर तिनं तो बिनबाह्यांचा स्वेटर टांगला. पासवर्ड घालायचा, की मान वळवायची आणि टाके मोजायचे.

“कागदावर लिहिला नाही ना, आई?” निघायच्या आदल्या दिवशी जावईबापूंनी विचारलं.

“कागदावर? छे!” मावशी म्हणाली. खोटं एका अक्षराचंही नव्हतं.

तेवढ्यात त्यांची नजर खुंटीकडे गेली. “वा! हा कुणाचा हो?”

मावशीनं तोंड उघडायच्या आत वन्सं बोलल्या, “कुणाचा म्हणजे? तुमच्यासाठीच विणतेय वहिनी! बाह्याच तेवढ्या राहिल्यात.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! नाही म्हणावं तर जावयाला स्वेटर नाकारला असं होणार. खरं सांगावं तर पासवर्ड खुंटीला टांगला हे कळणार. मावशीनं मुकाट्यानं टेप काढली, त्यांच्या हातांची मापं घेतली आणि संध्याकाळपर्यंत बाह्या जोडून दिल्या. मनाशी म्हणाली, चार दिवस टाके मोजलेत, बोटांच्या लक्षात राहील. आणि कॉम्प्युटर बंदच केला नाही, तर पासवर्ड हवाय कुणाला?

दहा मिनिटांच्या नियमावर वन्संनी तोड काढली. टेबलपंख्यासमोर दोऱ्याला एक लोकरीचा गुंडा टांगला आणि तो दोरा माउसला बांधला. पंख्याच्या वाऱ्यानं गुंडा हलायचा, गुंड्यानं माउस हलायचा, आणि कॉम्प्युटरला वाटायचं बाई कामात आहेत. तीन आठवडे तो बिचारा गुंडा रात्रंदिवस राबला. थंडीचे दिवस, दोघी शाली पांघरून बसायच्या, पण पंखा चालू.

मग एका गुरुवारी सकाळी दहा वाजता गल्लीतली वीज गेली.

पाचच मिनिटांसाठी गेली. पण कॉम्प्युटर उठला तो पासवर्ड मागतच. आणि शनिवारी सकाळी हॉस्पिटलच्या चाळीस नर्सची कार्डिगनं द्यायची होती. चौतीस झाली होती. उरलेल्या सहांच्या गळ्याची वेल त्या कॉम्प्युटरात. मेट्रनबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, “चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीस आली, तर पुढच्या वर्षीपासून दुसरीकडे.” दुकान चालायचं ते या एका कामावर.

मावशी बसली. बोटं कीबोर्डवर ठेवली, डोळे मिटले. चूक. पुन्हा. चूक. चार वेळा चूक. बोटांनी सरळ हात वर केले. कशी राहणार लक्षात? तीन आठवडे ती नव्हे, गुंडा काम करत होता!

“सरक, मी बघते,” म्हणून वन्सं बसल्या, आणि मावशी थांबवीपर्यंत त्यांनी स्वतःचं नाव, मांजरीचं नाव आणि पुन्हा स्वतःचं नाव घालून पाहिलं.

“वन्सं! सात झाले! आता फक्त तीन उरले!”

“अगं बाई,” म्हणून वन्संनी दचकून हात टेकला. तो नेमका एंटरवर. आठ.

रेडिओवाला दाढी अर्धी टाकून धावत आला, कॉम्प्युटरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, “जावयानं काम चोख केलंय. मी काय, साक्षात चोर आला तरी रडत परत जाईल.” आता यानं मावशीला काय दिलासा मिळायचा? चोर येवोत न येवोत, मालकीण मात्र दाराबाहेर बसलेली. रोगापेक्षा औषध भारी! अकरा वर्षांची डिझाइनं दोन चुकांच्या अंतरावर, आणि पदराला डोळे पुसताना तिच्या डोळ्यांत लोकर गेली ती वेगळीच.

तिनं लेकीला फोन लावला. लेक भूल देणारी डॉक्टर. ऑपरेशन असलं की फोन संध्याकाळपर्यंत कपाटात. पण स्वतःचा फोन हातात होता म्हणून मावशीला घरच्या ग्रुपवरचा फोटो आठवला. लेकीनं मोठ्या कौतुकानं टाकला होता: कंपनीच्या सभेत, दोनशे लोकांसमोर, ‘पासवर्ड कुठेही लिहू नका’ या भाषणाबद्दल जावईबापूंना मानचिन्ह मिळालं होतं. अंगात मावशीचा स्वेटर.

“वन्सं, भिंग आणा!”

फोटो मोठा केला. किनार दिसत होती! मावशी भिंग लावून टाके मोजू लागली, वन्सं लिहू लागल्या. (कागदावर. गेला नियम खड्ड्यात.) खालून एक, दोन, तीन… बारा ओळी झाल्या. वरच्या दोन ओळींवर जावईबापूंनी ते मानचिन्ह पोटाशी गच्च धरलं होतं.

“मेल्याला बक्षीस धरायला दुसरी जागा मिळाली नाही?” मावशी म्हणाली. जावयाला उद्देशून तिच्या तोंडून निघालेला तो पहिला वावगा शब्द. वन्संनी आ वासला.

आता जावईबापूंनाच फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते त्या दिवशी घरूनच काम करत होते.

“जावईबापू, मी बोलतेय. तो पांढरा स्वेटर आहे ना जवळ?”

“अंगातच आहे, आई. का?”

“त्याच्या किनारीच्या वरच्या दोन ओळी जरा मोजून सांगता का? काळ्या टाक्यापासून रंगीत टाका कितवा, कुठल्या रंगाचा, आणि सुलट की गाठ वर आलेला उलट, ते. आत्ता. घाई आहे हो.”

मग जावईबापूंचा आवाज बदलला. “कोण बोलतंय?”

“अहो, मी! आई!”

“कशावरून? अनपेक्षित फोन, विचित्र मागणी, वर घाई. मी लोकांना हेच तर शिकवतो. आजकाल कुणीही कुणाच्या आवाजात बोलतं.”

“अहो, नंबर तरी बघा!”

“नंबरही खोटा दाखवता येतो. आपलं ठरलेलं वाक्य सांगा.”

वाक्य! गेल्या खेपेला त्यांनी घरातल्या सगळ्यांना एक वाक्य पाठ करायला लावलं होतं, अशाच वेळेसाठी. मावशीनं कपाळाला हात लावला. “हत्ती होता त्यात. तो कुठंतरी गेला होता.”

“कुठं गेला होता?”

“मला काय माहीत कुठं गेला होता! मी काय त्याच्या मागं गेले होते?”

“सॉरी,” म्हणाले जावईबापू, आणि फोन ठेवला. सासूचा फोन! ठेवला!

सहा वर्षांचं कुलूप तुटलं ते तिथं. मावशीनं पुन्हा फोन लावला आणि त्यांनी उचलताक्षणी सुरू झाली, “हे बघा, जावई असाल तुमच्या घरचे! माझं दुकान, माझं मशीन, माझी अकरा वर्षांची मेहनत, आणि आत जायची परवानगी मी कुणाकडे मागायची? चोराला बाहेर ठेवायला सांगितलं होतं, मला नव्हे! नाकापेक्षा मोती जड करून ठेवलात! आणि वर मलाच विचारता मी कोण? अहो, एवढी अक्कल आहे तर जरा वापरायला काढा की बाहेर!”

“आता तर खात्रीच झाली,” जावईबापू थंडपणे म्हणाले. “माझ्या सासूबाई असं बोलूच शकत नाहीत.”

सहा वर्षांच्या गोड बोलण्याचं हे फळ! वन्सं पुटपुटल्या, “वहिनी, असं काहीतरी सांग जे तुलाच माहीत असेल.” आयुष्यात वन्संच्या तोंडून निघालेलं ते एकमेव कामाचं वाक्य असावं.

मावशीनं श्वास घेतला. तिला त्या माणसाबद्दल काय माहीत होतं? त्याच्या हुद्द्याचं नाव तिला धड उच्चारता येत नव्हतं. पण माप घेतलं होतं.

“तुमचा डावा हात उजव्यापेक्षा अर्धा इंच लांब आहे,” ती म्हणाली. “तयार शर्टाची डावी बाही तुम्हाला नेहमी आखूड होते, म्हणून तुम्ही दोन्ही बाह्या दुमडता. मी विणलेल्याच्या दुमडत नाही, कारण मी डावी बाही अर्धा इंच जास्त विणली. तुम्हाला सांगितलं नाही. उगीच मनाला लागायचं.”

पलीकडे खुर्ची सरकली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग धातूच्या मोजपट्टीचा.

“आई,” जावईबापू हळूच म्हणाले, “हे माझ्या आईलाही माहीत नाही.”

“ते असू दे हो. ओळी मोजा.”

त्यांनी मोजल्या. “तेरावी ओळ: हिरवा, सातवा, सुलट. चौदावी: निळा, तिसरा, उलट.”

मावशीनं एकेक बटण जपून दाबलं. चूक. नऊ झाले. पडद्यावर लाल अक्षरं आली: ‘शेवटची संधी.’ वन्सं खोलीबाहेर गेल्या आणि तिथूनच रडायला लागल्या.

“नीट मोजलंत ना?” मावशीचा आवाज चिरकला.

“दोनदा मोजलं, आई. मान खाली घालून, काळ्या टाक्यापासून उजवीकडे—”

“मान खाली घालून? स्वेटर अंगात ठेवूनच?” मावशी किंचाळली. “अहो, तुमची उजवी म्हणजे माझी डावी! मी समोरून विणलाय तो! थांबा, हलू नका.” तिनं बोटांवर हिशेब केला. मधे बारा घरं. तिकडून सातवा म्हणजे इकडून सहावा. तिसरा म्हणजे दहावा.

बोट एंटरवर ठेवून तिनं डोळे मिटले आणि दाबलं. उघडले तेव्हा समोर तिची वेल होती. गळ्याची, पानापानासकट. मावशीला हुंदका आला आणि मशीन सुरू करतानाही तो थांबेना.

“आई,” फोनमधून आवाज आला, “म्हणजे हा स्वेटर घालून मी दोनशे लोकांसमोर भाषण केलं…?”

“छान केलंत. फोटोही छान आलाय,” मावशी म्हणाली. “तेवढं मानचिन्ह जरा वर धरायला हवं होतं.”

सहा कार्डिगनं शुक्रवारी संध्याकाळी झाली. शनिवारी मेट्रनबाईंनी चाळीसच्या चाळीस मोजून घेतली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात जावईबापू मुद्दाम आले. या खेपेला दार लावून नव्हे, मावशीच्या शेजारी स्टूल घेऊन बसले, किनारीतल्या रंगांची युक्ती समजून घेतली आणि प्रत्येक गोष्ट विचारून केली. पुसून टाकायचा नियम रद्द केला. त्याऐवजी सगळ्या डिझाइनांची एक प्रत कपाटात कुलपाखाली ठेवली. पासवर्ड बदलला, तो मावशीनंच ठरवला, आणि सुयांच्या डब्यात चिठ्ठीवर लिहून ठेवायची परवानगीही मिळाली. रेडिओवाल्याची लाल पाटी गेली. ‘हो’वर मात्र पहारा राहिला: वन्संनी ‘हो’ दाबलं की कॉम्प्युटर आधी मावशीला विचारणार. वन्सं दोन दिवस फुगून बसल्या. निघताना मावशीनं जावईबापूंना नवा स्वेटर दिला. करड्या रंगाचा, साधी किनार, पाचच ओळी.

“यात काय आहे?” त्यांनी संशयानं विचारलं.

“काही नाही हो. नक्षी.”

तीन दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. मावशीनं उचलला.

“मी बोलतोय, आई. जेवणाची सुट्टी टाके मोजण्यात घालवली. आधी उलटंच मोजलं, काही अर्थ लागेना. मग स्वेटर काढून समोर धरला, तर…” जावईबापूंनी पाच इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचली. “‘आईच’ असं आलं.”

“हो. पुन्हा कधी फोन केला, तर एवढंच म्हणेन. हत्ती मला झेपत नाही,” मावशी म्हणाली. “पण एक मिनिट. तुम्ही जावईबापूच कशावरून?”

“डावा हात, आई,” ते म्हणाले. “अर्धा इंच लांब.”

“हं. मग बोला.”